तेवढ्याच पिठाची मोठी भाकरी

(१९९४ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात, शाळेच्या सभागृहात केलेले भाषण. अधूनमधून झालेल्या कोपरखळ्या वगळून येथे दिले आहे.)



संयोजकांनी मला वीस मिनिटं दिली आहेत आणि विषयही त्यांनीच दिला आहे. विषय असा की, शाळेच्या निसर्ग मंडळाच्या कॅमेऱ्यासाठी टेलिकन्व्हर्टर कोणता घ्यायचा. स्नेहमेळाव्यात हा असला विषय पाहून काही जणांनी कपाळाला हात लावलाय, ते मला इथून दिसतंय. पण आपल्या ग्रुपवर गेले दोन महिने या एका गोष्टीवर जेवढी वादावादी झाली, तेवढी आजच्या जेवणाच्या बेतावरही झालेली नाही. तेव्हा आज समोरासमोर बसून हा निकाल लावलेला बरा.

ज्यांना मागचं ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. आपल्या तुकडीने वर्गणी काढून मंडळाला २४ मेगापिक्सेलचा एक डीएसएलआर कॅमेरा दिला. नंतर परदेशात असलेल्या आपल्या एका वर्गमित्राने त्याची जुनी, पण उत्तम राखलेली ३०० मिलिमीटरची, एफ/४ ची लेन्स शाळेला पाठवली. मुलं खूश झाली. मुकुंदवाडी स्टेशनपासून सलीम अली सरोवरापर्यंत जे उडेल ते टिपायला लागली. मग हिवाळ्यात मंडळाची सहल पैठणला, नाथसागरावर गेली, आणि तिथून मुलांनी आणलेल्या फोटोंत पाणीच पाणी आणि मध्ये तांदळाएवढे पक्षी. मुलांनी आपल्याकडे मागणी केली: “काका, पक्षी मोठे दिसतील असं काहीतरी द्या.”

मोठी लेन्स आपल्या वर्गणीच्या आवाक्यात नाही. टेलिकन्व्हर्टर आहे. आणि इथेच वाद सुरू झाला. एकाच कंपनीचा १.४ पटीचा आणि २ पटीचा कन्व्हर्टर यांच्या किमतीत सहसा फारसा फरक नसतो. आपला किराणा दुकानवाला दोस्त ग्रुपवर म्हणाला, “तेवढ्याच पैशात दुप्पट मिळत असेल तर दीडपटसुद्धा नसलेलं कशाला घ्यायचं?” त्यावर बत्तीस जणांनी अंगठा दाखवला. व्यवहार म्हणून प्रश्न अगदी रास्त आहे. माझं आजचं सगळं बोलणं म्हणजे त्या एका प्रश्नाचं उत्तर आहे.

आधी ही वस्तू काय आहे ते पाहू. टेलिकन्व्हर्टर म्हणजे लेन्स आणि कॅमेरा यांच्या मध्ये बसणारं एक छोटं नळकांडं. वाटीएवढं. आत काही भिंगं असतात. विज्ञानाच्या बाई समोर बसल्या आहेत म्हणून जपून बोलतो. आपल्याला नववी-दहावीत शिकवलं होतं की बहिर्गोल भिंग किरण एकत्र आणतं आणि अंतर्गोल भिंग ते फाकवतं. कॅमेऱ्याची लेन्स बहिर्गोल भिंगाचं काम करते, किरण एका जागी आणते. ते किरण जागेवर पोचायच्या आत मध्येच अंतर्गोल भिंगाचं काम करणारा संच ठेवला, तर ते थोडे उशिरा, थोडे लांब जाऊन एकत्र येतात आणि प्रतिमा मोठी पडते. ही युक्ती कॅमेरावाल्यांची नाही, दुर्बीणवाल्यांची आहे. १८३० च्या दशकात पीटर बार्लो या इंग्रज गणितज्ञाच्या नावाने ती रूढ झाली, आणि आजही आकाशदर्शनवाले चंद्रावरचे खळगे मोठे करून पाहायला ‘बार्लो भिंग’ वापरतात. आपला टेलिकन्व्हर्टर हा त्याच घराण्यातला.

आता हिशेब. आपली लेन्स ३०० मिलिमीटरची, एफ/४. हा चार आकडा कुठून आला? लेन्सची लांबी भागिले प्रकाश आत येण्याच्या खिडकीचा व्यास. ३०० भागिले ७५ बरोबर ४. म्हणजे आपल्या लेन्सची खिडकी ७५ मिलिमीटरची आहे. तिला १.४ चा कन्व्हर्टर लावला की लेन्स होते ४२० ची. पण खिडकी तीच, ७५ ची. ४२० भागिले ७५, म्हणजे एफ/५.६. दोनचा लावला की लेन्स ६०० ची, खिडकी तीच, म्हणजे एफ/८.

या आकड्यांचा अर्थ आपल्या घरातल्या बायकांना माझ्याआधी कळेल. गोळा तेवढाच आहे आणि भाकरी मोठी थापायची आहे. थापता येते, पण ती पातळ होते. १.४ पट लांब-रुंद थापली तर क्षेत्रफळ १.४ गुणिले १.४, म्हणजे जवळपास दुप्पट. प्रकाश निम्म्या जाडीचा झाला. दुप्पट लांब-रुंद थापली तर क्षेत्रफळ चौपट. प्रकाश पाव जाडीचा राहिला. फोटोग्राफीच्या भाषेत पहिल्यात एक स्टॉप जातो, दुसऱ्यात दोन. कंपनी कुठलीही असो, किंमत कितीही असो, हा हिशेब बदलत नाही. तव्यावर टाकताना फाटते ती पातळ भाकरीच.

म्हणून दुकानदार मित्राला माझं पहिलं उत्तर: तेवढ्याच पैशात दुप्पट मिळतं हे खरं, पण पैसे तिथे संपत नाहीत. उरलेली किंमत प्रकाशात मोजावी लागते, आणि ती दर फोटोला मोजावी लागते.

ती किंमत नाथसागरावर कशी वसूल होते ते सांगतो. डिसेंबरची सकाळ आहे, सूर्य नुकताच वर आलाय. उडत्या पक्ष्यासाठी आपल्याला सेकंदाचा हजारावा भाग किंवा त्याहून वेगवान शटर लागतं. समजा नुसत्या लेन्सवर आयएसओ ४०० ठेवून ते जमतं. १.४ लावला की तोच वेग राखायला आयएसओ ८०० करावा लागेल. दोनचा लावला की १६००. ढग आले तर ३२००, ६४००. शाळेच्या कॅमेऱ्यात ८०० स्वच्छ येतो. १६०० ला पिसांवर बारीक रवा पसरल्यासारखा दिसायला लागतो. त्याच्या पुढे पिसं कुठली आणि रवा कुठला ते कळत नाही. आयएसओ वाढवायचा नसेल तर शटर सावकाश करा. मग हात हलतो, पक्षी हलतो, आणि मोठा केलेला फोटो म्हणजे मोठा केलेला हलका धक्का. लेन्स जेवढी लांब तेवढा तो धक्काही मोठा होतो, हे वेगळंच.

दुसरी गोष्ट फोकसची. डीएसएलआर कॅमेऱ्याला स्वतःहून फोकस करायलाही प्रकाश लागतो. बऱ्याच डीएसएलआरचा ऑटोफोकस एफ/५.६ पर्यंतच भरवशाचा असतो. काही मॉडेल एफ/८ ला चालतात, तेही अनेकदा मधल्या मोजक्या बिंदूंवर. शाळेचा कॅमेरा पहिल्या प्रकारातला आहे. त्याच्या माहितीपुस्तिकेत ते स्पष्ट छापलंय. म्हणजे १.४ लावून आपण एफ/५.६ वर, अगदी उंबरठ्याच्या आत आहोत. दोनचा लावला की एफ/८, उंबरठ्याबाहेर. मग लेन्स पुढे-मागे घरघरत राहते आणि पक्षी पलीकडच्या काठावर जाऊन बसतो. हाताने फोकस करता येतो हे कबूल. पण आठवीतल्या मुलीच्या हातात जड लेन्स, समोरून उडालेला थवा आणि हाताने फोकस, हे माझ्यानेही दहातून एकदा जमतं.

इथे मिररलेस कॅमेरेवाले मित्र हात वर करतील. त्यांचं बरोबर आहे. नव्या मिररलेस कॅमेऱ्यांचा ऑटोफोकस एफ/११ लाही, काहींचा त्याच्याही पुढे चालतो. ज्यांच्याकडे तसा कॅमेरा आहे त्यांचा उंबरठा वेगळा. माझा मुद्दा एवढाच की उंबरठा आधी पाहावा, मग कन्व्हर्टर.

आता तिसरी गोष्ट, आणि माझ्या मते ही सगळ्यात महत्त्वाची. मुलांना मोठा फोटो नक्की कशासाठी हवाय?

नाथसागर म्हणजे जायकवाडी धरणाचा जलाशय. १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते पायाभरणी, १९७६ मध्ये इंदिरा गांधींच्या हस्ते उद्घाटन, आणि १९८६ मध्ये पक्षी अभयारण्य म्हणून घोषणा. आपण शाळेत असताना ते आपल्याला फक्त पाण्याची टाकी म्हणून ठाऊक होतं; नळाला पाणी आलं की जायकवाडी आणि नाही आलं की जायकवाडी. हा जलाशय पसरट आणि काठाला उथळ आहे, म्हणून हिवाळ्यात तिथे चक्रवाक, तलवार बदक, थापट्या, रोहित असे पाहुणे उतरतात. त्यांत पट्टकादंब हंस असतात. पांढऱ्या डोक्यावर मागच्या बाजूला दोन काळे पट्टे, म्हणून पट्टकादंब. हा पक्षी मध्य आशियातून, मंगोलिया-तिबेटकडून हिमालय ओलांडून येतो.

मंगोलियातल्या संशोधकांनी काही पट्टकादंबांच्या मानेत रंगीत पट्टी घातलेली आहे. तिच्यावर मोठी अक्षरं-आकडे असतात. अशी पट्टी घातलेले हंस भारतात, अगदी महाराष्ट्र-कर्नाटकातल्या तळ्यांवरही दिसले आहेत, आणि सामान्य पक्षीमित्रांनी काढलेल्या फोटोंवरून ती अक्षरं वाचून कळवली गेली आहेत. त्या एका फोटोमुळे समजतं की अमुक तळ्यावर वाढलेला पक्षी हिवाळ्यात तमुक ठिकाणी येतो. निसर्ग मंडळाच्या मुलांना हे त्यांच्या सरांनी सांगितलंय, आणि तेव्हापासून त्यांच्या डोक्यात एकच आहे: आपल्या नाथसागरावर तशी पट्टी दिसली तर आपल्याला ती वाचता आली पाहिजे. मुकुंदवाडीच्या शाळेतल्या मुलीने वाचलेला आकडा मंगोलियातल्या वहीत चढू शकतो. मला विचाराल तर आपल्या वर्गणीचं याहून चांगलं काम दुसरं नाही.

पण मग मोजमाप बदललं. हंस किती मोठा दिसतो हा प्रश्न राहिला नाही. अक्षर वाचता येतं का, हा प्रश्न झाला.

हंसाची लांबी धरा पाऊण मीटर, अंतर ५० मीटर. ३०० च्या लेन्समधून त्याची प्रतिमा सेन्सरवर साडेचार मिलिमीटर पडते. शाळेच्या कॅमेऱ्याचा सेन्सर साधारण २४ मिलिमीटर रुंद, म्हणजे हंस चौकटीचा पाचवा हिस्सा व्यापतो. ४२० ला सव्वासहा मिलिमीटर, चौकटीच्या पावभागाहून थोडा जास्त. ६०० ला नऊ मिलिमीटर, म्हणजे एक तृतीयांशाहून जास्त. कागदावर दोनचा कन्व्हर्टर सरळ जिंकतो. पण हे गणित लेन्स दोन्हीकडे सारखीच तीक्ष्ण आहे असं धरून केलेलं आहे. कन्व्हर्टर पक्ष्याबरोबर लेन्समधले दोषही मोठे करतो. १.४ चे दोष चांगल्या लेन्सवर सहज झाकले जातात. दोनचे झाकायला आणखी एक स्टॉप खाली यावं लागतं, म्हणजे एफ/८ चं एफ/११. भाकरी आणखी पातळ.

म्हणून आम्ही तिघांनी, मी आणि मंडळाच्या दोन मुलींनी, एका रविवारी शाळेच्या व्हरांड्यात चाचणी घेतली. ती कुणालाही घरी करता येईल म्हणून सविस्तर सांगतो. वर्तमानपत्राचं छोट्या जाहिरातींचं पान भिंतीवर ताणून चिकटवलं. व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला स्टँडवर कॅमेरा. आधी नुसत्या लेन्सने फोटो. मग ओळखीच्यांकडून आणलेले दोन्ही कन्व्हर्टर, एकेक करून. फोकस हाताने, स्क्रीनवर मोठं करून पाहत. जागा तीच, उजेड तोच. मग नुसत्या लेन्सचा फोटो संगणकावर कापून तेवढाच मोठा केला आणि शेजारी ठेवला. लक्षात ठेवा, कन्व्हर्टरची स्पर्धा दुसऱ्या कन्व्हर्टरशी नंतर असते. पहिली स्पर्धा कात्रीशी असते. फोटो कापणं फुकट आहे. २४ मेगापिक्सेलचा फोटो १.४ पट दिसेल इतका कापला तर १२ मेगापिक्सेल उरतो, दुप्पट कापला तर ६. भित्तिपत्रकावर लावायच्या आठ बाय सहा इंची फोटोला सहाही पुरतात. कन्व्हर्टर कात्रीपेक्षा जास्त काही दाखवत नसेल तर तो घ्यायचाच कशाला?

१.४ ने दाखवलं. कापलेल्या फोटोत जे फोन नंबर पुसट होते ते १.४ च्या फोटोत वाचता आले. दोनच्या फोटोत अक्षरं मोठी होती, पण पूर्ण उघड्या खिडकीवर कडा विरघळलेल्या. तीन आणि आठ सारखेच दिसत होते. एफ/११ केल्यावर ती सुधारली आणि १.४ च्या जराशी पुढेही गेली. पण ती स्टँडवर, भिंतीवर न हलणाऱ्या कागदावर, हाताने फोकस करून. हंस भिंतीवर चिकटवता येत नाही. मंडळाच्या मुलीने निकाल एका वाक्यात वहीत लिहिला: “दोनचा मोठा दिसतो, १.४ चा वाचता येतो.” मला यापुढे काही सांगायची गरजच नव्हती. पण वीस मिनिटं दिलीत तर वापरतो.

आता घरच्या कॅमेऱ्यासाठी ज्यांनी मला वेगवेगळे निरोप पाठवले आहेत, त्यांची उत्तरं एकदमच देऊन टाकतो.

पहिलं, कन्व्हर्टर प्रत्येक लेन्सला बसत नाही. बऱ्याच कंपन्यांच्या कन्व्हर्टरचं पुढचं भिंग बाहेर आलेलं असतं आणि ते लेन्सच्या मागच्या पोकळीत शिरतं. ज्या लेन्समध्ये ती पोकळी नाही तिथे जबरदस्ती केली तर काचेला काच लागेल. कॅननवाले त्याला एक्स्टेंडर म्हणतात, निकॉनवाले टेलिकन्व्हर्टर. दोघांचीही कुठल्या लेन्सला चालतो याची यादी असते. सिग्मा आणि टॅमरॉनचे कन्व्हर्टर त्यांच्याच ठरावीक लेन्ससाठी असतात. केंकोच्या कन्व्हर्टरचं भिंग बाहेर येत नाही म्हणून तो जास्त लेन्सना बसतो. पण बसणं आणि चांगला दिसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. काही लेन्स तर अर्ध्याच वापरता येतात: कॅननची आरएफ १००-५०० एक्स्टेंडरबरोबर ३०० च्या पुढेच फिरते. यादी वाचल्याशिवाय पैसे काढू नका.

दुसरं, कॅमेऱ्याबरोबर आलेल्या ५५-२५० किंवा ७०-३०० सारख्या झूमला कन्व्हर्टर लावायचा विचार सोडून द्या. त्या लांब टोकाला आधीच एफ/५.६ असतात. १.४ लावला की एफ/८. प्रकाशही गेला आणि तीक्ष्णपणाही. ते पैसे साठवा. दोन वर्षांनी एक लांब झूम घ्या. ज्यांच्याकडे १५०-६०० आहे आणि ती ६०० ला एफ/६.३ आहे, तिथे १.४ लावला की जवळपास एफ/९ होतो; मिररलेसवर, भर उजेडात, स्टँडवर, काम निघेल. संध्याकाळी नाही.

तिसरं, दोनचा कन्व्हर्टर वाईट असतो असं कृपया घरी जाऊन सांगू नका. ज्याच्याकडे ३०० किंवा ४०० ची एफ/२.८ ची लेन्स आहे त्याच्याकडे पीठच दुप्पट आहे. त्याची भाकरी दुप्पट थापली तरी एफ/५.६ ची राहते, फाटत नाही. बड्या लेन्सच्या कंपन्यांनीही कन्व्हर्टर लेन्सच्या आतच बसवून दिले, कॅननने २०१३ च्या २००-४०० मध्ये, निकॉनने २०२२ च्या ४०० आणि ६०० मध्ये, तेव्हा त्यांनीही १.४ च निवडला. एवढ्या महाग लेन्सवाल्यांना जो आकडा मानवला तो आपल्याला कमीपणाचा वाटायचं कारण नाही.

चौथं, फुलपाखरंवाल्यांसाठी खुशखबर. कन्व्हर्टर लावल्यावर लेन्स जितक्या जवळून फोकस करते ते अंतर बदलत नाही, प्रतिमा मात्र मोठी होते. पावसाळ्यात गौताळ्याला जाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. पाखरू न उडवता जास्त मोठं टिपता येतं.

पाचवं, जुना घेत असाल तर मोबाईलची बत्ती मागून लावून भिंगात बुरशीचे धागे दिसतात का पाहा, सोनेरी टोकं घासलेली आहेत का पाहा, लेन्सला लावून हलवून पाहा. खडखडला तर परत द्या. आणि पैठणच्या काठावर वाऱ्यात, धुळीत कन्व्हर्टर लावत-काढत बसू नका. घरून लावूनच निघा.

आता जी गोष्ट कुठल्याही दुकानात मिळत नाही तिच्याकडे येतो. अंतर निम्मं केलं की पक्षी दुप्पट दिसतो. ५० मीटरवरून ३६ मीटरवर आलात की १.४ चा कन्व्हर्टर फुकट मिळाला, प्रकाश एक थेंबही न घालवता. म्हणून सगळ्यांचे पाय आपोआप पुढे पडतात. मीही हे गणित मुलांना शिकवतो. पण त्याला एक मर्यादा आहे, आणि ती पक्षी ठरवतो. हंसाने मान वर केली, चरणं थांबवलं, की तुमची हद्द संपली. आणखी चार पावलं टाकलीत की थवा उठतो. हिमालय ओलांडून आलेल्या पक्ष्याने इथे खाऊन-पिऊन परतीचं बळ साठवायचं असतं. ते तो आपल्या फोटोसाठी खर्च करणार. होडी थव्यात घालून, दगड मारून पक्षी उडवून काढलेले फोटो मी ओळखतो. त्यांत सगळे पक्षी पाठमोरे असतात. आपल्या मंडळाच्या भिंतीवर तसा एकही फोटो लागू नये.

मला टेलिकन्व्हर्टर आवडतो तो याचसाठी. तो आपल्याला जवळ नेत नाही. आपल्याला मागे थांबायची सवलत देतो. ५० मीटरवर हंसाने मान वर केली तर १.४ लावून ७० मीटरवर मागे सरा. चौकटीत तो तेवढाच दिसेल आणि निवांत चरत राहील. मुलांच्या हातात ही वस्तू देताना हेच वाक्य सांगून द्यायचं, असं मी मंडळाच्या सरांना सुचवलंय.

आणि एक इशारा. दुपारी बारा वाजता नाथसागरावर पाण्यावरची हवा थरथरते. आपल्याकडे मृगजळ सगळ्यांनीच पाहिलंय, जालना रोडवर उन्हाळ्यात रोज दिसतं. तीच थरथर कन्व्हर्टर आणखी मोठी करतो. तिथे १.४ काय, दोन काय, सोन्याचा कन्व्हर्टर आणला तरी हंस वितळलेलाच दिसेल. उपाय एकच, पहाटे निघायचं. मुकुंदवाडीहून पैठण पन्नासेक किलोमीटर आहे. सूर्योदयाला काठावर हवं तर पाचच्या आत गाडी सुटली पाहिजे. त्या गाडीचा खर्च हाही कॅमेऱ्याच्याच खर्चात धरायला हवा, कारण पहाटेचा प्रकाश ही सगळ्यात स्वस्त लेन्स आहे.

तर माझा ठराव असा. जमलेल्या निधीतून १.४ पटीचा, लेन्सच्याच कंपनीचा आणि तिच्या यादीत असलेला एक टेलिकन्व्हर्टर घ्यावा. उरलेल्या पैशातून एक दणकट तिपाई, जी पाच वर्षं चाळीस मुलांचे हात सोसेल. आठ पटीच्या दोन दुर्बिणी, कारण कॅमेरा एकाच्या हातात असतो आणि बाकीची एकोणचाळीस मुलं तेव्हा आकाशाकडे पाहत उभी असतात. मारुती चितमपल्लींचा ‘पक्षिकोश’ ग्रंथालयात एक प्रत, म्हणजे पक्ष्याला मराठीत हाक मारता येईल. आणि पुढच्या तीन हिवाळ्यांत दरवर्षी दोन, अशा सहा पहाटेच्या गाड्या. कन्व्हर्टर दुसऱ्या आकड्याचा घेतला तर हिशेब तेवढाच राहील हे मला माहीत आहे. पण मग फोटो हुकतील, मुलं कंटाळतील आणि वस्तू कपाटात जाईल. शाळेतल्या कपाटात गेलेल्या वस्तू परत बाहेर येत नाहीत, हे इथल्या प्रत्येक सरांना आणि बाईंना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.

दुकानदार मित्रा, तुझा प्रश्न चांगला होता. तुझ्याच भाषेत शेवटचं उत्तर देतो. माल किती मिळाला ते गिऱ्हाईक दुकानात पाहतं. माल किती वापरला गेला ते घरात कळतं. आपल्या मुलांचं घर नाथसागराच्या काठावर आहे, डिसेंबरच्या पहाटे, कमी उजेडात, एफ/५.६ पर्यंतच पाहू शकणाऱ्या एका कॅमेऱ्यामागे. तिथे १.४ वापरला जाईल.

ठरावाला कुणाचा विरोध असेल तर जेवणाआधीच सांगा. जेवणानंतर कुणी ऐकत नाही. आणि अनुकूल असाल तर बाहेर टेबलावर मंडळाची दोन मुलं पावतीपुस्तक घेऊन बसली आहेत. त्यांच्याकडे व्हरांड्यातल्या चाचणीचे फोटोही आहेत. आधी ते बघा, जाहिरातीतले नंबर वाचता येतात का पाहा, मगच पावती फाडा.